बॉक्सवुडचं बोन्साय : चाळीस वर्षांचं कुंपण कुंडीत कसं येतं

ज्यांना ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये रेंज नाही किंवा शेजारीच मॅनेजर बसलाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी दर वाक्याला 'म्हणजे' म्हणतो, ते तेवढं काढून टाकलंय. बाकी मजकूर तोच.

बोन्सायवरच्या मागच्या भागानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. बॉक्सवुडचं छोटं रोप आणलं, तर त्याचं बोन्साय व्हायला किती वर्षं लागतील? सरळ उत्तर देतो: त्या वाटेला जाऊच नका. बॉक्सवुडचं खोड वर्षाला जेमतेम काही मिलिमीटरने जाड होतं, आणि उथळ कुंडीत तर तेवढंही नाही. पेन्सिलीएवढी काडी लावून मनगटाएवढ्या खोडाची वाट बघायची, तर तुमच्या नातवाला बोन्सायची आवड आहे का हे आधी विचारून ठेवा. या झाडाचं खोड घडवायचं नसतं, शोधायचं असतं. कुणाच्या तरी अंगणात ते आधीच म्हातारं झालेलं असतं.

मी राहतो इंग्लंडमध्ये, रेडिंगला. इथे बॉक्सवुड म्हणजे बक्सस सेम्परव्हायरेन्स, बागेच्या कडेने गुडघाभर उंचीचं कापलेलं हिरवंगार कुंपण असतं ना, ते. सरे परगण्यात तर बॉक्स हिल नावाची टेकडीच आहे. तिच्या चुनखडीच्या उतारावर ही झाडं रानात वाढतात. लाकूड इतकं घट्ट की ओलं असताना पाण्यात टाकलं तर तरंगत नाही, बुडतं. अठराव्या शतकाच्या शेवटी थॉमस ब्युइक नावाच्या कारागिराने याच लाकडाच्या आडव्या छेदावर चित्रं कोरून छापली, कारण एवढी बारीक रेघ दुसऱ्या लाकडात टिकत नव्हती. हळू वाढ आणि घट्ट लाकूड, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बोन्सायवाल्याला याचा फायदा असा की पानं मुळातच नखाएवढी असतात, पेरं जवळजवळ असतात, आणि तीस सेंटिमीटरचं झाडही वडाच्या वयाचं वाटतं.

आता ही जुनी खोडं मिळतात कुठे? खरं सांगायचं तर सध्या ती कचऱ्यात मिळतात, आणि त्यामागची गोष्ट वाईट आहे. पूर्व आशियातला एक पतंग, सायडालिमा पर्स्पेक्टालिस, २००७ मध्ये युरोपात पहिल्यांदा दिसला. त्याच वर्षी तो इंग्लंडमध्येही सापडला. त्याचे सुरवंट मुख्यतः बॉक्सवुडवर जगतात आणि पानं संपली की सालही कुरतडतात. रशियात सोचीला २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बागा सजवायच्या होत्या. त्यासाठी इटलीहून बॉक्सवुडची रोपं आणली, त्यांच्यासोबत २०१२ मध्ये हा पाहुणा उतरला, आणि काही वर्षांतच तिथल्या डोंगरातलं रानटी बॉक्सवुड उजाड झालं. इथल्या गल्ल्यांमध्ये तेच लहान प्रमाणात चाललंय. लोक दोन-तीन वर्षं फवारण्या करून कंटाळतात आणि सरळ कुंपण उपटून स्किपमध्ये टाकतात.

आमच्या मागच्या रस्त्यावरच्या एका आजीबाईंनी असंच कुंपण काढायला घेतलं. त्यांच्या नवऱ्याने ते सत्तरच्या दशकात लावलेलं. मी दार वाजवून विचारलं, एक बुंधा मिळेल का? त्या म्हणाल्या, सगळे ने. मी दोन घेतले. एका भाड्याच्या घराची बाल्कनी किती सोसणार?

उकरायचं कसं, ते नीट समजून घ्या, कारण झाड वाचेल की नाही याचा निम्मा निकाल इथेच लागतो. वेळ हिवाळा सरताना, डोळे फुटायच्या आधी. इथे ते मार्चच्या सुमारास. आधी उंची कमी करायची, पण सगळं बोडकं करायचं नाही. जी फांदी पुढे हवी आहे, तिच्यावर थोडी तरी हिरवी पानं राहू द्या. जुन्या लाकडातून बॉक्सवुड नवे डोळे काढतं, पण त्याला वेळ लागतो, आणि तोवर पोट भरायला पानं लागतात. मग बुंध्याभोवती साधारण वीत-दीड वीत अंतरावर मुळं कापत गोल फिरायचं. मुळं उथळ आणि दाट केसाळ असतात, ही चांगली गोष्ट. झाड बाहेर आलं की जुनी चिकणमाती निम्मीच काढायची. उरलेली पुढच्या खेपेला.

एक बारकावा. बॉक्सवुडमध्ये मुळाची एक बाजू मेली की तिच्या बरोबर वरची खोडाची पट्टी सुकलेली पुष्कळदा दिसते. म्हणून मुळं सगळीकडून सारखी राखा. आणि सुकलीच एखादी पट्टी, तर घाबरू नका. लाकूड एवढं टणक असतं की ते वर्षानुवर्षं कुजत नाही. कोरून घेतलं तर झाडाचं वय उलट जास्त दिसतं.

पहिली कुंडी बोन्सायची नकोच. माझे दोन्ही बुंधे प्लॅस्टिकच्या घमेल्यात आहेत, तळाला भरपूर भोकं पाडलेली. मातीऐवजी प्युमिस, अकादामा आणि थोडी झाडाच्या सालीची भर. पाणी घातल्यावर क्षणात खाली उतरलं पाहिजे, एवढा निचरा हवा. बुंधा हलू नये म्हणून तारेने घमेल्याला बांधून टाका, कारण हलणाऱ्या झाडाची नवी केसमुळं तुटत राहतात. मग पूर्ण दोन वर्षं फक्त पाणी आणि खत. छाटणी नाही, तार नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे कठीण जातं, आपल्याला दर दोन आठवड्यांनी डेमो द्यायची सवय. इथे दुसऱ्या वर्षाअखेरचा डेमो म्हणजे 'झाड जिवंत आहे'.

पाण्याच्या बाबतीत हे झाड फसवं आहे. पानं जाड, चामड्यासारखी. तहान लागली तरी मान टाकत नाहीत. जास्वंद कशी दुपारी रुसून बसते आणि पाणी दिलं की उठते, तसा काही इशारा इथे मिळत नाही. पानाचा रंग उतरलेला दिसेपर्यंत मुळं कधीच गेलेली असतात. तेव्हा बोट खुपसून बघा, वरचा थर कोरडा वाटला की पाणी द्या. थंडीत पानं तांबूस-नारिंगी झाली तर तो बहुधा गार वारा आणि उन्हाचा परिणाम असतो. वसंतात हिरवी होतात. ऐन वाढीच्या दिवसांतही रंग तसाच राहिला, तर खत कमी पडतंय.

आता छाटणी. मी निफाडचा, द्राक्षाच्या पट्ट्यातला. काडीवर किती डोळे ठेवायचे, विरळणी कधी करायची, या गप्पा आमच्याकडे जेवताना चालतात. बॉक्सवुड बघितल्यावर मला पहिल्यांदा ते सगळं कामाला आलं. याची पानं समोरासमोर येतात, म्हणजे प्रत्येक पेराला दोन डोळे. शेंडा खुडला की दोन फांद्या, त्यांचे शेंडे खुडले की चार. दोन-तीन मोसमांत झाड बाहेरून गच्च होतं आणि आत काळोख. आतल्या बारीक काड्या उन्हावाचून मरतात, आणि मग मागे छाटायला काही उरतच नाही. कुंपण कापणारा माणूस नेमकं हेच करतो, फक्त बाहेरून कात्री. बोन्सायवाल्याने उलट करायचं: आत हात घालायचा, एका जागी तीन-चार फुटवे असतील तर दोन ठेवायचे, खाली लोंबणारे काढायचे, आणि खोडापर्यंत उजेड पोहोचतोय का ते बघायचं. माझ्या मते बॉक्सवुडच्या बोन्सायमधलं ऐंशी टक्के काम ही विरळणीच आहे. तारेचं कौतुक उगाच जास्त होतं. एक-दोन वर्षांच्या काड्या तारेने वळतात, जुनी फांदी मात्र वळवायला गेलात तर कट्‌ आवाज येतो.

छाटणी ढगाळ दिवशी करा. कडक उन्हात कापलेल्या पानांच्या कडा करपतात. इथले जुने माळी एप्समच्या डर्बी शर्यतीच्या सुमारास, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बॉक्सवुडला कात्री लावतात. वसंतातली पहिली पालवी तोवर पक्की झालेली असते.

रोगाचं एकच सांगतो. बॉक्सवुडवर एक बुरशी येते: पानांवर तपकिरी डाग, काड्यांवर काळ्या रेघा आणि मग पानगळ. ओल्या पानांवर ती झपाट्याने पसरते, म्हणून पाणी बुंध्याशी द्या आणि सिकेटर प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. सुरवंटांसाठी एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला फांद्या बाजूला सारून आत बघायचं. हिरवट-पिवळं अंग, काळ्या रेघा, काळं डोकं, आणि पानांमध्ये विणलेलं बारीक जाळं. अख्ख्या कुंपणाचे सुरवंट हाताने वेचणं अशक्य असतं; कुंडीतल्या झाडाचे दहा मिनिटांत होतात. ज्या पतंगामुळे कुंपणं संपतायत, त्याच्या तावडीतून कुंडीतलं झाड सुटू शकतं ते एवढ्याच कारणाने. आणि हो, घरात कुत्रं-मांजर असेल तर छाटलेली पानं लगेच उचला. ती विषारी असतात.

पुणे-नाशिकच्या श्रोत्यांसाठी: कुंतीलाही इंग्रजीत 'चायनीज बॉक्स' म्हणतात, त्यामुळे नर्सरीत घोळ होऊ शकतो. ओळख सोपी आहे. बॉक्सवुडची साधी पानं समोरासमोर असतात. कुंतीच्या एकेका देठावर अनेक पर्णिका असतात आणि फुलं पांढरी, सुवासिक. खरं बॉक्सवुड थंड हवेचं झाड. आपल्याकडे मैदानात ते ठेवायचं असेल, तर जपानी जात त्यातल्या त्यात ऊन सोसते, तरी दुपारचा आडोसा द्यावाच लागेल. मला विचाराल तर तिथे कुंतीच लावा. हवा तिच्या सोयीची आहे आणि वरची विरळणीची युक्ती तिलाही चालते. हिमालयात आपलं स्वतःचं बॉक्सवुड आहे, बक्सस वॉलिचियाना. जम्मूकडे त्याला चिकरी म्हणतात आणि त्याचे कंगवे, चमचे बनतात. पण ते रानातून उपटून आणायच्या भानगडीत पडू नका. तेही तितकंच हळू वाढतं.

शेवटचा प्रश्न एका श्रोत्याचा: "दादा, परत येशील तेव्हा झाडं आणणार का?" नाही. परवाना आणि तपासणीचं प्रमाणपत्र यांशिवाय भारतात रोप आणता येत नाही, आणि सोचीची गोष्ट वाचल्यावर तो नियम मला पटतो. माझा व्हिसा आणखी दोन वर्षांचा आहे. साधारण तेवढ्याच वेळात मोठा बुंधा घमेल्यातून खऱ्या कुंडीत जाईल. आजीबाईंना मी त्याचे फोटो पाठवतो. परवा त्यांनी विचारलं, खिडकीबाहेरच्या ओट्यावर ठेवला तर पाणी रोज लागेल का? मी म्हटलं, उन्हाळ्यात रोज बोट खुपसून बघा, हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा, आणि सुरवंट कसे वेचायचे ते मी येऊन दाखवतो.