हादग्याची दांडी

सकाळी सातला हजिऱ्याच्या रस्त्यावर ट्रकांचा घरघराट सुरू झालेला असतो. सुरतेकडच्या इच्छापोरच्या आमच्या गल्लीत शेजारच्या मावशी तेव्हा परसातल्या हादग्याखाली जुनी साडी अंथरून, काठीला बांधलेल्या आकडीने फांदी खाली ओढतात. फुले हातानेच खुडायची. गळून पडलेली त्या घेत नाहीत. ती लवकर मलूल होतात आणि आत मुंग्या शिरतात. उमलायच्या बेतात असलेली, पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली, बोटभर लांबीची पांढरी कळी सगळ्यांत चांगली.

मावशी खानदेशातल्या. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या सुरत–भुसावळ रेल्वेने तिकडची असंख्य कुटुंबे कामासाठी सुरतेला आली. त्यांतलेच हे एक घर. हादग्याचे बी त्यांनी माहेरच्या पानमळ्यातून आणले. तिथे नागवेल चढवायला हादगा, शेवगा, शेवरी लावतात. इथल्या गुजराती शेजारणी याला अगथियो म्हणतात. संस्कृतात अगस्त्य: भाद्रपदात पहाटे दक्षिणेला त्याच नावाचा तारा दिसू लागतो, त्या सुमारास झाड कळ्या धरू लागते.

खरे काम निवडण्याचे. हिरवे देठ-पुष्पकोष काढायचे, मग पाकळी हलकेच उघडून आतली दांडी ओढायची. ती म्हणजे दहा पुंकेसर, नऊ एकत्र जोडलेले आणि एक सुटा, आणि मधोमध स्त्रीकेसर. "हाई दांडी कडू शे, काढी टाक," मावशी पहिल्या दिवशी म्हणाल्या. मी घाईत चार-पाच फुलांतली तशीच ठेवली आणि भाजीत तो कडवटपणा उतरला. त्या दिवसापासून मी प्रत्येक फूल उजेडाकडे धरून पाहते. त्यांना पाहावे लागत नाही. अंगठा आणि तर्जनी आत जातात, दांडी बाहेर येते, पाकळी फाटत नाही. एवढे नाजूक काम मी शिलाईतही कमी पाहिले आहे.

नंतर मिठाच्या पाण्यातून काढून, निथळून, लसूण-मिरचीच्या फोडणीत कांद्याबरोबर फुले परतायची. पाणी घालायचे नाही. टोपलीभर फुले वाटीभर होतात. वरून शेंगदाण्याचा कूट, सोबत कळण्याची भाकरी. कधी बेसनात बुडवून भजी. बंगालमध्ये याच बकफुलाची भजी करतात, आणि युरोपात एल्डर नावाच्या झाडाच्या फुलांचे अख्खे घोस पिठात बुडवून तळतात. तिथे सर्दी-तापाला त्याच फुलांचा काढा देतात, पण त्या झाडाची पाने आणि साल खाण्यातून कटाक्षाने वगळतात. कुठला भाग घ्यायचा आणि कुठला टाकायचा, याचे भान दोन्हीकडे सारखेच.

औषध म्हणून मावशींच्या घरी अर्धशिशीत फुलांच्या रसाचे दोन थेंब नाकात सोडत. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात हे फूल थंड आणि कडू म्हटले आहे, चौथ्या दिवशी उलटणाऱ्या तापावर आणि रातांधळेपणावर सांगितले आहे. रातांधळेपणा बहुधा 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येतो, आणि हादग्याच्या पाल्यात कॅरोटीन भरपूर असते. म्हणून पाला-फुले ताटात यावीत, असे मला मनापासून वाटते. ताप किंवा डोळ्यांच्या तक्रारीला मात्र डॉक्टरच गाठावा. नाकात रस सोडणे मावशींनीही आता बंद केले आहे.

निघताना त्यांनी उरलेल्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. दुपारच्या आत निवडायला हव्यात.