रद्दीवर मुलांचा हक्क

लहान मुलांना खेळायला जुनी वर्तमानपत्रं द्यावीत, असं सांगताना सहसा दोन कारणं दिली जातात: ती फुकट असतात आणि कागद पुन्हा वापरला जातो. दोन्ही खरी, पण दोन्ही मोठ्यांच्या सोयीची. तीन ते सात वर्षांच्या मुलासाठी या कागदाचं मोल वेगळं आहे. तो बिघडला तरी कुणी रागावत नाही. कोरा ड्रॉइंग पेपर किंवा रंगीत घोटीव कागद हाती देताना ‘नीट कर, वाया घालवू नकोस’ ही ताकीदही सोबत जाते. मग घडी जरा तिरकी पडली की मूल कागदाऐवजी आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. रद्दीच्या गठ्ठ्यात मात्र पुढचं पान तयार असतं. चुकायची ही मुभाच मुलाला शिकवते, आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या स्पर्धांनी नेमकी तीच काढून घेतली आहे. प्रदर्शनात मांडायला पेनस्टँड किंवा फुलदाणी हवी असते. ती आदल्या रात्री आईबाबा करतात आणि मूल शेजारी डिंकाची बाटली धरून बसतं.

म्हणून सुरुवात वस्तू करण्यापासून नको, फाडण्यापासून व्हावी. कागद फाडताना दोन्ही हातांना एकाच वेळी वेगवेगळं काम करावं लागतं. एक हात पान घट्ट धरतो, दुसरा ओढतो, आणि सगळा जोर अंगठा व पहिल्या दोन बोटांच्या चिमटीत येतो. पुढे पेन्सिल पेलायची ती याच बोटांनी. त्यात वर्तमानपत्राचा एक गुण असा की ते वरून खाली फाडलं तर सरळ पट्टी निघते आणि आडवं फाडलं तर वेडीवाकडी. कारखान्यात ओला लगदा जाळीवरून वेगाने पुढे सरकतो, तेव्हा त्यातले बरेचसे तंतू त्याच दिशेला वळतात. त्यांच्या रेषेत कागद सहज फाटतो, आडवा फाडताना अडतो. मुलाला हे सांगायची गरज नाही. चार पानं उभी आणि चार आडवी फाडली की फरक त्याचा त्यालाच कळतो, आणि मग तो पान फिरवून बघायला लागतो. एकाच पानातून न तुटता सर्वांत लांब पट्टी कोण काढतं, हा खेळ यातूनच सुचावा. काठाने गोल गोल आत जायची युक्ती एखाद्याला सापडते आणि बाकीचे ती लगेच उचलतात.

फाडण्याच्या पुढची पायरी घड्यांची. जर्मनीत फ्रोबेलने 1837 साली बालशाळा काढली, तिथल्या उद्योगांत कागदाच्या घड्या आणि पट्ट्यांची वीण होती. त्या घड्यांवरून सुचून टी. सुंदर राव यांनी 1893 साली मद्रासहून भूमितीचं एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात काटकोन, षट्कोन अशा आकृत्या केवळ कागद दुमडून मिळवलेल्या आहेत. पाच वर्षांच्या मुलाला षट्कोन नको, पण साधी होडी, नांगरहोडी आणि टोपी हवी. दिवाळीत तर कागदी फटाका हवाच. वर्तमानपत्राच्या मोठ्या, पातळ पानाचा हा फटाका दोन टोकं चिमटीत धरून जोरात खाली झटकायचा. आत दाबलेली घडी हवेच्या लोटाने एकदम बाहेर पडते आणि बार होतो. बार झाला नाही, तर घडी अडकली आहे किंवा उलटी धरली आहे, हे कुणी सांगावं लागत नाही. चूक साधनानेच दाखवून द्यावी, हे माँटेसरींच्या साधनांचं तत्त्व. ती साधनं महाग होती. म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं अशा परिसरातल्या वस्तूंनी बालवाड्या चालवल्या. शहरातल्या घरात तशी विनासायास मिळणारी वस्तू म्हणजे रद्दी.

घरात धावायला जागा नाही, ही अडचण खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसातून किमान 180 मिनिटं हालचाल व्हायला हवी, आणि पडद्यासमोर तासाभराहून जास्त वेळ नको. वर्तमानपत्राने मैदानाची उणीव भरून निघणार नाही. तरी एक उघडं पान जमिनीवर टाकून त्यावर दोघांनी उभं राहायचं, टाळी वाजली की पान अर्ध्यावर दुमडायचं, हा ‘बेटा’चा खेळ दहा फुटांच्या खोलीत घाम काढतो. चौथ्या घडीला मूळ पानाचा सोळावा भाग उरतो. तिथे एका पायावर, एकमेकांना धरूनच उभं राहावं लागतं. फरशी गुळगुळीत असेल तर खाली सतरंजी अंथरावी.

सर्वांत गंभीर आक्षेप आपल्या संस्कारांतून येतो. कागदाला पाय लागला तर नमस्कार करायला शिकवणाऱ्या घरात मुलाला पान फाडायला द्यायचं, त्यावर उभं करायचं, मग उद्या ते पुस्तकही फाडणार नाही का? ही शंका हसण्यावारी नेऊ नये. पण कोणत्या वस्तूशी कसं वागायचं, हा फरक मुलं लवकर ओळखतात. अट एवढीच की तो फरक घरात सतत दिसला पाहिजे. खेळाच्या रद्दीची जागा ठरलेली असावी, त्यातलंच पान घ्यावं, आणि पुस्तकांचं कपाट वेगळं असावं. ज्या घरात कपाटाच्या फळीवर वर्तमानपत्र अंथरलं जातं, तिथे रद्दीचं पान आणि पोथीचं पान यांतला भेद आधीपासूनच पाळला जातो. तरीही ज्यांना पाय ठेवणं पटत नाही त्यांनी बेटाचा खेळ जुन्या टॉवेलवर खेळावा, त्यात काही बिघडत नाही.

शाईची भीती मात्र रास्त आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत अशी सूचना काढली, कारण छपाईच्या शाईतली रसायनं अन्नात उतरतात. कोरडं पान हातात धरणं आणि गरम भजी त्यात गुंडाळून खाणं यांत अंतर आहे. तरी जे मूल अजून वस्तू तोंडात घालतं त्याला हा खेळ देऊ नये. खेळताना खाऊ बाजूला ठेवावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत. लगद्याचं काम मोठ्या मुलांसाठी ठेवावं, आणि लगद्याची वाटी खाण्यासाठी वापरू नये.

दिवाळीच्या किल्ल्याला हे सगळं उपयोगी पडतं. फ्लॅटमध्ये माती-विटा आणणं कठीण असेल तर खोक्यावर चुरगाळलेल्या बोळ्यांचे डोंगर रचावेत, त्यांवर मैद्याच्या खळीत भिजवलेल्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि वाळल्यावर गेरू फासावा. पणत्या मात्र अशा किल्ल्यावर ठेवू नयेत. पुलासाठी कोपऱ्यापासून तिरक्या गुंडाळलेल्या सुरळ्या घ्याव्यात. चार सुरळ्यांचा चौकोन दाब देताच कलंडतो, तीन सुरळ्यांचा त्रिकोण हलत नाही. पहिला पूल पडेल, तो मुलांनाच पुन्हा बांधू द्यावा. सुट्टीनंतर शाळेने रद्दीचा प्रकल्प मागवलाच, तर वर्गात गठ्ठा टाकून तासाभरात जे होईल ते तिथेच करून घ्यावं, आणि फसलेले पूलही त्याच टेबलावर मांडावेत.