आई बोलूं लागते तेव्हां

एखाद्या सुशिक्षित घरांत ‘आईवरची कविता म्हणा’ असें म्हटलें, तर बहुधा यशवंतांची किंवा माधव जूलियनांची कविता ऐकूं येते. दोन्ही कविता थोर आहेत; त्या म्हणतांना अजूनहि पुष्कळांचा कंठ दाटून येतो. पण श्रोतेहो, तेथें बोलतो कोण, इकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. बोलतो तो मुलगा. आई त्याच्याजवळ नाहीं, आणि तिला काय वाटत होतें हें कोणी विचारलेलें नाहीं. स्त्रियांच्या नव्या मराठी कवितेचें मर्म मला एवढ्यांतच दिसतें: जिला हांक मारली जात होती, ती आतां स्वतः बोलते आहे.

ती पूर्वीं मुकी होती असें मात्र नव्हे. पहांटे जात्याशीं बसून सासर, माहेर, भाऊ, लेक यांविषयीं तिनें किती सांगितलें आहे! हेमा राईरकर व गी पॉयतवाँ यांनीं १९८० नंतरच्या काळांत सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओंव्या गोळा केल्या. पण तें बोलणें जात्याशीं आणि समोर बसलेल्या दुसऱ्या बाईशीं. घरांतील पुरुष त्या वेळीं झोंपलेले. बहिणाबाई चौधरींना लिहितां येत नव्हतें. त्या १९५१ सालीं वारल्या आणि पुढल्याच वर्षीं त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें निघालीं, तीं त्यांचे कवि पुत्र सोपानदेव यांच्यामुळें. म्हणजे येथेंहि आईचा आवाज छापखान्यापर्यंत पोहोंचला तो मुलाच्या हातानें.

इंदिरा संतांची गोष्ट निराळी आहे. १९४० सालीं त्यांचा पहिला संग्रह निघाला, तो पति ना. मा. संत यांच्याबरोबर, नांव ‘सहवास’. १९४६ सालीं पति निवर्तले. त्यानंतरचा ‘शेला’ १९५१ सालचा. तो एकट्या इंदिराबाईंचा. बेळगांवांत नोकरी करीत, मुलांना वाढवीत त्यांनीं पुढें जी कविता लिहिली, तिच्यांत वैधव्याचा आक्रोश शोधूं जाणाऱ्याची निराशा होईल. तेथें पाऊस आहे, अंगण आहे, संध्याकाळ आहे. आणि जो माणूस घरांत नाहीं, त्याची जागा या साऱ्यांनीं व्यापलेली आहे. १९८४ सालीं ज्या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याचें नांव ‘गर्भरेशीम’. उदर आणि वस्त्र एका शब्दांत विणणारें हें नांव एखाद्या स्त्रीलाच सुचावें, असें मला नेहमीं वाटत आलें आहे.

पुढच्या पिढीनें हा संयम पाळला नाहीं, आणि तो पाळावयास हवा होता असेंहि मी म्हणणार नाहीं. मल्लिका अमर शेख यांचा ‘वाळूचा प्रियकर’ १९७९ सालीं आला. विवाहाचा हिशेब त्यांनीं पुढें आत्मचरित्रांतहि उघडपणें मांडला. असल्या लेखनास कित्येक टीकाकार ‘गाऱ्हाणीं’ म्हणून बाजूस सारतात. यांतील कांहीं कविता खरोखरच घोषणांच्या पलीकडे जात नाहींत. नवऱ्यास नुसता खलपुरुष केलें कीं कविता तेथेंच संपते. पण गाऱ्हाणें हें कवितेस वर्ज्य असेल, तर आपल्या संतांच्या अभंगांचें काय करावयाचें? विठ्ठलाशीं तरी ते दुसरें काय करीत होते?

माझ्या मतें या साऱ्यांत अवघड काम हिरा बनसोडे यांनीं केलें. त्यांच्या ‘यशोधरा’ या कवितेंत सिद्धार्थाच्या पत्नीस त्या उद्देशून बोलतात आणि इतिहासानें तिच्या दुःखास जागा कां दिली नाहीं, असें विचारतात. दलित समाजांतील कवयित्रीनें हें विचारावें, यांत किती ओढाताण आहे पाहा. १९५६ सालीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं धम्मदीक्षा दिली, त्या दिवसापासून ज्या बुद्धानें तिच्या समाजास माणूसपण मिळवून दिलें, त्याच्याच घरीं मागें राहिलेल्या बाईची चौकशी ती करते. बुद्धाची थोरवी ती नाकारीत नाहीं. पण त्या रात्रीं उंबरठ्याच्या आंत एक बाळंतीण होती, हेंहि ती विसरूं देत नाहीं.

पुढें बुद्ध कपिलवस्तूस आले, तेव्हां यशोधरेनें राहुलाला पित्याकडे वारसा मागावयास पाठविलें, असें बौद्ध परंपरा सांगते. वारसा म्हणून त्याला प्रव्रज्या मिळाली. ज्या वाटेनें नवरा गेला, त्याच वाटेनें मुलगाहि गेला. त्या संध्याकाळीं रिकाम्या महालांत ती काय म्हणाली असेल?