अंगठा, चेसिस नंबर आणि पोलीस पाटील

चांदणी चौक सोडला की पौड रस्त्याला बावधन, भूगाव, भुकूम आणि मग पिरंगुट लागतं. पुढे पौड, मुळशीचं धरण, ताम्हिणीचा घाट आणि घाट उतरला की माणगाव. मोटारसायकलवर ही जेमतेम दोन-अडीच तासांची रपेट. पण तेवढ्यात चार पोलीस घटकांच्या हद्दी ओलांडल्या जातात. कोथरूड पुणे शहर आयुक्तालयाकडे, बावधन २०१८ साली सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे, पिरंगुट पुणे ग्रामीणच्या पौड पोलीस ठाण्याकडे आणि घाटाखालचा मुलूख रायगड पोलिसांकडे. आता समजा कोथरूडमध्ये एक गाडी चोरीला गेली, पिरंगुटला पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गेटबाहेर कुणाची तरी पिशवी हिसकावताना वापरली गेली आणि रातोरात घाटात ढकलून दिली गेली. हद्दीचा प्रश्न चोराला पडत नाही, तो पडतो पोलिसांना.

पंचवीस वर्षांपूर्वी अशी गाडी ठाण्याच्या आवारात गंजत पडायची. तिकडे कोथरूडच्या फिर्यादीला ‘तपास चालू आहे’ एवढंच उत्तर मिळायचं. दोन ठाण्यांना जोडणारा दुवा म्हणजे वायरलेसचा संदेश, सीआयडीचं गॅझेट किंवा एखाद्या जुन्या हवालदाराची स्मरणशक्ती. आज ठाणे अंमलदार चेसिस नंबर ‘वाहन’ प्रणालीत टाकतो आणि मालकाचं नाव-पत्ता मिनिटभरात समोर येतो. (तुम्ही-आम्ही मोबाइलवर तीच माहिती पाहिली तर मालकाच्या नावातली काही अक्षरं झाकलेली दिसतात.) सीसीटीएनएसमध्ये चोरीच्या गुन्ह्याचा क्रमांकही मिळतो. नंबर घासून काढला असेल तर न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले लोक आम्लाचा हात फिरवून तो पुन्हा उमटवायचा प्रयत्न करतात.

पोलिसांच्या हाताशी आज असं काय काय आहे याची यादी लांबलचक होईल. मला जास्त कुतूहल आहे ते त्या यादीत पहिली नोंद कोण करतं आणि कशी करतं याचं. बहुतेक तपासांचं भवितव्य तिथेच ठरून जातं.

सीसीटीएनएस म्हणजे देशभरातली पोलीस ठाणी जोडणारं जाळं. त्याला केंद्राने २००९ साली मंजुरी दिली, खर्च धरला सुमारे २,००० कोटी. मुंबईवरचा हल्ला होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याआधी ‘सिपा’ नावाची संगणक प्रणाली काही ठाण्यांत होती, पण प्रत्येक ठाण्याचा संगणक आपापल्या खोलीत एकटा बसलेला. महाराष्ट्रातली ठाणी सप्टेंबर २०१५ मध्ये या जाळ्यात आली. फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, अटक, जप्ती आणि दोषारोपपत्र असे ठरावीक नमुने त्यात भरावे लागतात. त्यातल्या ‘उर्फ’च्या रकान्याला फार मोल आहे. रेकॉर्डवरचा माणूस गावात कागदावरच्या नावाने सहसा ओळखला जात नाही. खरी अडचण येते ती स्पेलिंगची. चव्हाण हे साधं आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. पिरंगुट-उरवडे-घोटावडे पट्ट्यात तर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशापासून मराठवाड्यापर्यंतचे कामगार. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर एक नाव, आधारवर दुसरं, रेल्वेच्या तिकिटावर तिसरं. रात्रपाळीत घाईने भरलेल्या नमुन्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर पाच वर्षांनी पाटण्यात शोध घेणाऱ्याला पौडची नोंद दिसणारच नाही. मग माणूस सापडत नाही आणि दोष मात्र संगणकाला लागतो.

नावाचा असा भरवसा नाही म्हणूनच बोटांचे ठसे आले. १८९७ साली कलकत्त्यात अंगुलीमुद्रा केंद्र सुरू झालं. तिथल्या पद्धतीला हेन्री या साहेबाचं नाव लागलं. ठशांचं गणिती वर्गीकरण बसवण्यात मोठा वाटा होता तो अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी फौजदारांचा. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे एक हजार चोवीस कप्पे. दहा बोटांच्या ठशांवरून पत्रिका कुठल्या कप्प्यात जाईल हे ठरायचं आणि शोधायची वेळ आली की तेवढाच कप्पा उपसायचा. आपल्याकडे हे काम सीआयडीच्या अंगुलीमुद्रा केंद्राकडे आहे. सीआयडीचं मुख्यालय पुण्यातच आहे, पौडच्या अंमलदाराला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. आता कप्प्यांची जागा ‘ॲम्बिस’ने घेतली आहे. सुमारे साडेसहा लाख ठसे त्यात चढवले गेले आणि बोटांबरोबर तळहात, बुबुळं आणि चेहराही जुळवण्याची सोय झाली. देशपातळीवर ‘नाफिस’ आलं, त्याचं औपचारिक उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झालं. त्यात प्रत्येक नोंदीला दहा आकडी क्रमांक मिळतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात.

याचा सगळ्यात मोठा उपयोग कुठे होतो ते बघायचं तर ताम्हिणीकडे वळावं लागेल. घाटात अधूनमधून बेवारस मृतदेह सापडतात. खबर बहुधा गुराखी, पर्यटक किंवा गावचा पोलीस पाटील देतो. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि पंचनाम्याला माणसं निघतात. पावसाळ्यात दरीत आठ-दहा दिवस राहिलेल्या देहाचा चेहरा ओळखण्यासारखा उरत नाही. मग हाताला काय लागतं? मनगटावरचं गोंदण. शर्टाच्या कॉलरवरचं शिंप्याचं लेबल, त्यावर गावाचं नाव असलं तर फारच उत्तम. खिशातली भिजलेली पावती. आणि बोटं. ती सुकून आक्रसली असतील तर द्रावणात भिजवून मऊ करतात. कातडी सुटली असेल तर तज्ज्ञ ती अलगद सोडवून, हातमोजा घातलेल्या स्वतःच्या बोटावर चढवतो, शाई लावतो आणि ठसा घेतो. मेलेल्या माणसाचा अंगठा जिवंत माणसाच्या बोटाने उठवायचा, हे काम नाक-डोळे मिटून करता येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने नाफिसच्या मदतीने अशाच एका अनोळखी मृताची ओळख पटवली. देशातला तो पहिला प्रकार.

पण यंत्रणेत ठसा सापडतो तो पूर्वी कधी पोलिसांच्या हाती लागलेल्या माणसाचा. घाटात सापडलेली बाई आयुष्यात कधी ठाण्याची पायरी चढली नसेल तर तिची बोटं तिथे गप्पच राहतात. तिच्यासाठी उरतात मिसिंगच्या नोंदी आणि शोधपत्रिका. सूनबाई बेपत्ता असल्याची तक्रारच घरच्यांनी दिली नसेल तर त्याही नाहीत.

‘आधारमध्ये तर सगळ्यांचे ठसे आहेत, मग?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्याचं उत्तर गोव्यातल्या एका खटल्यात आहे. जानेवारी २०१३ मध्ये वास्कोतल्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. तपास सीबीआयकडे गेला. जागेवर मिळालेला ठसा जुळेना, तेव्हा गोव्यातल्या सगळ्या आधारधारकांचे ठसे द्या अशी मागणी झाली आणि वास्कोच्या न्यायालयाने ती मान्य केली. आधार प्राधिकरण त्याविरुद्ध आधी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संबंधित माणसाच्या लेखी संमतीशिवाय ही माहिती कुणालाही द्यायची नाही. पुढे २०१६च्या कायद्यानेही बोटं आणि बुबुळं गुन्ह्याच्या तपासासाठी बंद केली. त्या मुलीच्या आईबापाच्या जागी उभं राहिलं तर हा नकार जिव्हारी लागतो. तरी मला तो बरोबर वाटतो. एका गुन्हेगारासाठी अख्ख्या गोव्याला संशयिताच्या रांगेत उभं करायचं, तर ती रांग पुन्हा मोडत नाही.

असं पूर्वी घडलेलंही आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९११च्या कायद्याने त्यांचे ठसे हवे तेव्हा घेण्याची मुभा दिली. सोलापूरच्या सेटलमेंटच्या कुंपणाआड पिढ्या गेल्या. १९५२ साली हा कायदा देशभरातून गेला, पण रजिस्टरं कपाटातच राहिली. चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, हा रिवाज त्या रजिस्टरांनीच घालून दिला. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की मागास आणि विमुक्त जमातींच्या माणसांची नावं हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवू नका. २०२२च्या नव्या ओळख कायद्याने मोजमापांची ही माहिती ७५ वर्षं जपून ठेवण्याची तरतूद केली आहे. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ती पुसायची, असंही कायदा म्हणतो. पुसली की नाही हे पाहायला त्या बिचाऱ्याने कुठे जायचं?

डीएनएचं गणित वेगळं. ७ जून २०२१ रोजी पिरंगुटजवळ उरवड्याला एका रासायनिक कारखान्याला आग लागली. गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. देह इतके होरपळले होते की ओळख पटवायला डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला. तिथे कुठलीही राष्ट्रीय पेढी कामी येत नाही. आई, बहीण, मुलगा यांचं रक्त घ्यायचं आणि एकेकाशी जुळवायचं. डीएनए पेढीचा कायदा करण्यासाठी २०१९ साली लोकसभेत विधेयक आलं होतं, २०२३ साली सरकारने ते मागे घेतलं.

मोबाइलवर मात्र तपासाची सगळी भिस्त. ‘सीडीआर काढला का?’ हा साहेबांचा पहिला प्रश्न. कुणी कुणाला, कधी, किती वेळ, कुठल्या टॉवरवरून फोन केला हे सगळं त्यात येतं. ठाण्याचा फौजदार तो थेट मागवू शकत नाही, मागणी पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत जावी लागते. पुणे ग्रामीणचं अधीक्षक कार्यालय पाषाण रस्त्यावर आहे, तिथूनच ती पुढे जाते. ही अट उगाच नाही. २०१८ साली ठाणे गुन्हे शाखेने सीडीआर विकणारी टोळी पकडली, तिच्यात खासगी गुप्तहेरांबरोबर एक पोलीस शिपाईही निघाला. नवऱ्याचा संशय असो की धंद्यातला दावेदार, पैसे मोजले की कुणाच्याही फोनची यादी मिळत होती. शिवाय सीडीआर सगळं सांगतो असंही नाही. पिरंगुटच्या चौकात एका टॉवरखाली इतके फोन असतात की ‘डम्प’ उपसता उपसता नाकी नऊ येतात. उलट ताम्हिणीत फोन मोजके, पण रेंजही धड नाही. सिमकार्ड भलत्याच्याच नावावर असतं, ते निराळंच.

चोरीच्या फोनसाठीची ‘सीईआयआर’ सेवा महाराष्ट्रातच सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर गेली. आयएमईआय क्रमांक दिला की हँडसेट सगळ्या कंपन्यांच्या जाळ्यात बंद होतो. कुणी त्यात नवं सिम घातलं की ठाण्याला खबर मिळते. पोलिसांकडच्या सगळ्या साधनांत सामान्य माणसाला रोकडा फायदा देणारं हेच, असं माझं मत.

मुळशीत आणखी एक साधन आलंच, सातबारा. २०१८ साली प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आला तो उगाच नाही. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि मेलेल्या माणसाने सही केलेली खरेदीखतंही निघू लागली. अशा तपासात फौजदाराचा निम्मा वेळ जातो फेरफार, दुय्यम निबंधकाकडचा दस्त आणि त्यावरचा अंगठा पडताळण्यात.

एवढं करून पुरावा कोर्टात टिकला तर खरा. जालन्याचा दाखला घ्या. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर भरला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रण. ते खरं असल्याचं कलम ६५-ब खालचं प्रमाणपत्र वारंवार मागूनही कार्यालयाने दिलं नाही. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की प्रमाणपत्र सक्तीचंच. ते मिळवायची धडपड करूनही मिळालं नाही तर न्यायालय ते मागवू शकतं. निवडणूक रद्द झाली ती झालीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमात हे प्रमाणपत्र कलम ६३ खाली येतं. ते नीट भरलं नाही म्हणून अडलेला सीसीटीव्ही हा आता वकिलांचा नेहमीचा मुद्दा आहे.

कल्याणीनगरच्या मे २०२४च्या पोर्श अपघातातही प्रश्न पुराव्याचाच. चालकाच्या रक्ताचा नमुना ससूनमध्ये बदलल्याचा आरोप झाला. पोलिसांनी औंधच्या रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता, दोघांचा डीएनए जुळला नाही आणि प्रकरण उघडं पडलं. बाटलीवर चिठ्ठी लावणारा हात खोटं बोलला तर पुढची प्रयोगशाळा कितीही आधुनिक असो, काय करणार?

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची पाळी आहे. नागपूरच्या २३ ठाण्यांत ‘महाक्राइमओएस’ वापरून पाहिल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये ते राज्यातल्या सगळ्या ११०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. फिर्याद वाचून तपासाची दिशा सुचवणारी ही प्रणाली. ती उपयोगी ठरेल याबद्दल मला शंका नाही. पण ती वाचणार काय, तर ठाणे अंमलदाराने लिहिलेलीच फिर्याद. आणि पिरंगुटला कुठल्या चाळीत गेल्या महिन्यात कोण नवं राहायला आलं, हे तिला सांगणार कोण? १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नेमलेला पोलीस पाटील सांगेल, आणि भाडेकरूची माहिती ठाण्यात देणारा घरमालक सांगेल. त्यांनी कंटाळा केला तर ते खातं रिकामं राहील.

म्हणून वाचकांना एक सांगणं. फोनचा आयएमईआय *#०६# दाबून आजच वहीत लिहून ठेवा. खोली भाड्याने दिली असेल तर भाडेकरूची नोंद करा. आणि ठाण्यात फिर्याद द्यायची वेळ आलीच तर सही करण्यापूर्वी ती स्वतः वाचा. नाव, गाडीचा नंबर, फोनचा आकडा, तारीख, वेळ, एकेक तपासा, चुकलं असेल तिथे दुरुस्त करून घ्या. फिर्यादीची प्रत फुकट मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, ती घेतल्याशिवाय उठू नका.