‘सुखात आहेस ना?’ याच्या पुढचे प्रश्न

हातातलं काम चालू ठेवा, भाजी निवडता निवडता ऐकलं तरी चालेल.

आजचा विषय आम्हाला गटाच्या बैठकीतच सापडला. पारनेर तालुक्यातल्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत लेकीसुनांच्या गोष्टी निघाल्या. एका ताईंची लेक लग्न होऊन जर्मनीला गेली, त्याला तीन महिने झाले होते. जावई इंजिनिअर, माणूस चांगला. ताई म्हणाल्या, “रोज फोन होतो. जेवलीस का, तर हो म्हणते. सुखात आहेस ना, तर हो म्हणते. पण पोरीचा आवाज खोल गेलाय.”

कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या. माहेर पाथर्डीकडचं, तरुणपणी कित्येक वर्षं ऊसतोडीला गेलेल्या. त्या म्हणाल्या, “सुखाचं इचारू नको. लेक आईला दुसरं काय सांगंल? आमी कारखान्यावर कोपी टाकली का पयलं बघायचो, पानी कुठं, बाजार कुठं आन् आपल्या वळखीचं बाईमानूस कुठं. तिला ते इचार. घराबाहेर पडती का, ते इचार.”

ताईंनी त्याच रात्री विचारलं. लेक थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आई, घराची किल्ली एकच आहे. ती यांच्याकडे असते.”

जर्मनीत बहुतेक घरांचं दार नुसतं ओढलं की बंद होतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. बाहेर पडली तर आत कशी येणार? म्हणून पोरगी तीन महिने एकटी बाहेर पडलीच नव्हती. जावयाने कोंडून ठेवलं नव्हतं, त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. हिला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी काय बोलायचं. दुसरी किल्ली करून घेतली आणि पोरीचा दिवस बदलला.

तेव्हापासून आम्ही गटांमध्ये सांगतो की लेक परदेशी गेली की पहिले सहा महिने फोनवर नेमके प्रश्न विचारा. आम्ही असे पाच प्रश्न काढले आहेत.

पहिला प्रश्न: दिवसभर काय करतेस? बाहेर पडतेस का?

आधी घड्याळ समजून घेऊ. जर्मनीचं घड्याळ आपल्या मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास. दुबई दीड तास मागे. अमेरिकेचा पूर्व किनारा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. आपण डेअरीला दूध घालून सकाळी आठला फोन लावतो, तेव्हा हिवाळ्यात जर्मनीत पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. लेक झोपेतून उठून बोलते आणि आपण म्हणतो, आवाज बारीक का गं? म्हणून फोनची वेळ तिच्या सोयीने ठरवा.

दुसरं म्हणजे तिथला हिवाळा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो, दक्षिण जर्मनीत साडेचारलाच अंधारतं. चुलीपाशी, ओट्यावर, शेतात माणसांत राहिलेली पोरगी बंद खिडकीच्या घरात एकटी बसते. पहिले काही आठवडे नवलाईत जातात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रडू येतं, घर आठवतं. बऱ्याच जणींचं असं होतं आणि हळूहळू ते कमी होतं. तिला सांगा, उजेड असताना रोज अर्धा तास चालून ये. पण दोन आठवडे सलग झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. ‘सवय होईल’ म्हणून उडवून लावू नका.

दुसरा प्रश्न: काय खातेस?

इथे चूक आपल्याच हातून होऊ शकते. लेकीच्या बॅगेत आपण प्रेमाने काळा मसाला, अनारसे, पेढे भरतो. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबीला, आणि सौदी अरेबियात खसखशीला बंदी आहे. तिथे ती अमली पदार्थांत मोडते. अनारशावर खसखस असते, पुष्कळ घरांच्या मसाल्यातही असते. विमानतळावर ती सापडली तर अटक होऊ शकते. तिकडे जाणाऱ्या लेकीचा मसाला खसखस न घालता करा. युरोपात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढा, खवा, तूप घरीच ठेवायचं. औषधं न्यायची तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी.

डाळ, तांदूळ, मसाले मोठ्या शहरांतल्या भारतीय दुकानांत मिळतात. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारीच बाजार करावा लागतो. नळाचं पाणी मात्र थेट पिता येतं. अशा बारक्या गोष्टी कळल्या की पोरीचा जीव थोडा हलका होतो.

तिसरा प्रश्न: तुझे कागद कुठे आहेत?

आपण गटात पहिल्या दिवशी काय शिकलो? पासबुक आपल्या नावाचं आणि आपल्या हातात. परदेशात हाच नियम पासपोर्टला लावायचा. तिथे आपण कोण, हे आपल्याला ओळखणारं गाव सांगत नाही, कागद सांगतो. लेकीचा पासपोर्ट, व्हिसा किंवा राहण्याच्या परवान्याचं कार्ड आणि आरोग्य विम्याचं कार्ड तिला हवं तेव्हा तिच्या हाती आलं पाहिजे. घरातल्या कपाटात ठेवलेलं असेल तर कपाटाची किल्ली तिलाही माहीत हवी.

प्रत्येक देशाची नोंदणीची रीत वेगळी. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगराच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. पुढची बरीच कामं, बँकेतलं खातंसुद्धा, त्या नोंदीवर अवलंबून असतात. आरोग्य विमा तिथे सक्तीचा आहे. अमेरिकेत नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर गेलेल्या बाईला लगेच नोकरी करता येत नाही, त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो सगळ्यांना मिळत नाही. शिकलेल्या मुलीला हे लग्नाआधी माहीत असलं पाहिजे, गेल्यावर कळून उपयोग नाही.

सगळ्या कागदांची एक प्रत माहेरी ठेवा. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, लग्न नोंदणीचा दाखला, तिथला पूर्ण पत्ता, जावयाच्या कामाच्या ठिकाणाचं नाव. लग्नाची नोंदणी निघण्याआधीच करा. हॉलचे फोटो आणि पत्रिका यांना परदेशात दाखल्याची किंमत नाही.

चौथा प्रश्न: हातात पैसे आणि फोन आहे का?

तिच्या नावाचा फोन नंबर, बसच्या तिकिटापुरते पैसे आणि जमेल तेव्हा तिचं बँक खातं, एवढं हवंच. सुरुवातीला प्रत्येक वस्तूची किंमत ती रुपयांत मोजते. एका कॉफीचे तीनशे रुपये म्हणून घोटही घेत नाही, बसचं भाडं जास्त वाटतं म्हणून घरी बसते. तिला सांगा, तिथला पगार तिथल्या पैशात येतो, खर्चही तिथल्याच पैशात धर. आणि आपणही पहिल्या महिन्यापासून ‘घराच्या स्लॅबला काही पाठवतेस का’ असं विचारू नये. बस्तान बसायला वेळ लागतो.

पाचवा प्रश्न: तिथे तुझं कोण आहे?

आजींचा शेवटचा प्रश्न हाच होता. या प्रश्नाचं मोल सांगणारी एक जुनी, खरी गोष्ट आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला समुद्रापार अमेरिकेला गेल्या. नवरा सोबत नव्हता. पण त्यांचं तिथे एक माणूस होतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी गोपाळराव जोशींचं एका मासिकात छापून आलेलं पत्र वाचलं होतं आणि आपणहून पत्र लिहिलं होतं. मग जवळजवळ तीन वर्षं पत्रांची ये-जा झाली. आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि कॉलेज सुरू होईपर्यंतचे पहिले महिने कार्पेंटरबाईंच्याच घरी राहिल्या. त्यांना त्या मावशी म्हणत. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पण तिथली थंडी आणि न मानवणारं अन्न यांनी तब्येत ढासळली, क्षयाने गाठलं आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या २१ व्या वर्षी, पुण्यात त्या गेल्या. परक्या मुलखात मावशी मिळू शकते, हे त्यांनी दाखवलं. अंगावर काढलेलं दुखणं काय करतं, हेही आपण त्यांच्यावरूनच शिकायचं.

आजच्या लेकीला मावशी शोधणं सोपं आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. जगातल्या इतरही अनेक शहरांत मराठी मंडळं आहेत. जाण्याआधीच त्यांना फोन करून ठेवायचा. पण फक्त मराठी माणसांतच राहू नको, असंही सांगा. जर्मनीत जवळजवळ प्रत्येक शहरात मोठ्यांसाठी लोकशाळा असते आणि तिथे भाषेचे वर्ग चालतात. आमच्या ताईंची लेक किल्ली मिळाल्यावर अशाच वर्गाला जाऊ लागली. भाषा आली की दुकानात, दवाखान्यात कुणाच्या मागे उभं राहावं लागत नाही.

आता नोकरीसाठी जाणाऱ्या सख्यांसाठी थोडं. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडे परिचारिकांमध्येही चौकशी वाढली आहे. आखातात घरकामाला, रुग्णसेवेला नेतो म्हणणारे एजंट मात्र जुनेच आहेत. एजंट नोंदणीकृत आहे का, हे केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर बघा. फिरायला जाण्याच्या व्हिसावर नोकरीला नेतो म्हणाला तर तिथेच थांबा. त्या व्हिसावर काम करणं हा तिकडे गुन्हा आहे आणि पकडली बाई जाते, एजंट नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला ‘ईसीआर’ म्हणतात. आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना त्यांना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीसोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमाही काढावा लागतो. हा फाटा चुकवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो आपलं संरक्षणच चुकवतो. मालकाने पासपोर्ट काढून ठेवणं अमिरातीत आणि सौदीत कायद्याला धरून नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि खरंच अडचण आली तर? मारहाण, पासपोर्ट काढून घेणं, घराबाहेर काढणं, सोडून देणं, असं काहीही असो, पहिला फोन तिथल्या पोलिसांना. युरोपात तो नंबर ११२ आहे, आपल्यासारखाच. अमेरिकेत ९११. दुसरा फोन भारतीय दूतावासाला. अडकलेल्या भारतीयांच्या मदतीसाठी दूतावासाकडे कल्याण निधी असतो. माहेरच्यांनी इकडून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार टाकायची किंवा १८०० ११ ३०९० या मोफत नंबरवर विचारायचं. परदेशी राहणाऱ्या नवऱ्यांविषयीच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात वेगळा कक्ष आहे. दूतावासाचा नंबर लेकीला निघतानाच पाठ करून द्या, कारण फोन काढून घेतला तरी पाठ केलेलं कुणी काढून घेऊ शकत नाही.

सख्यांनो, आपल्या गटाच्या रजिस्टरचं शेवटचं पान बहुधा कोरंच असतं. त्यावर हे पाच प्रश्न लिहून ठेवा. बाहेर पडतेस का? काय खातेस? कागद कुठे आहेत? हातात पैसे आणि फोन आहे का? तिथे तुझं कोण आहे? गटातल्या कुणाचीही लेक, सून, बहीण परदेशी निघाली की ते पान उघडा.

पारनेरच्या ताईंचा फोन आता रविवारी दुपारी होतो. मागच्या बैठकीत त्या तक्रार करत होत्या, “कधी लावावा तर म्हणते, आई, घाईत आहे, वर्गाला निघालेय, संध्याकाळी बोलते.” आजी पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, “मंग बरंय की.”