सारथ्य कोणाचे?

२४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरील एका पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तीतील तिघेही जण मृत्युमुखी पडले. पुलाचा एक भाग आदल्या वर्षीच्या पुरात वाहून गेला होता. चालक भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील नकाशा पाहून चालला होता आणि त्या नकाशात पूल अखंड होता. आपल्याकडे याच्याही आधी, जानेवारी २०२१ मध्ये, कळसूबाईकडे निघालेली पुण्याची एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्रीच्या वेळी अशीच शिरली आणि चालक बुडाला. अशा घटना घडल्या की ‘नकाशा चुकला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु येथे नेमके काय चुकले, हे जरा खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे.

गाडीला वाट दाखवणारी ही यंत्रणा वस्तुतः दोन अगदी वेगवेगळ्या गोष्टींची जोडणी आहे. पहिली गोष्ट म्हणजे उपग्रह. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अमेरिकी उपग्रहांवर आण्विक घड्याळे असतात. त्यांच्याकडून निघालेला संकेत आपल्या यंत्रापर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढले जाते आणि निदान चार उपग्रहांची अंतरे जुळवून आपले स्थान ठरते. एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर तीनशे मीटरांचा फरक, असा हा सूक्ष्म हिशेब. मुळात ही लष्करी व्यवस्था. २ मे २००० पर्यंत नागरी वापरासाठीचा संकेत अमेरिका जाणूनबुजून अंधूक करून देत असे. कारगिलच्या अनुभवानंतर भारतालाही स्वतःच्या उपग्रहांची निकड जाणवली आणि २०१३ च्या जुलैत त्या मालिकेतील पहिला उपग्रह सोडण्यात आला. हा भाग विज्ञानाचा, आणि तो सहसा चुकत नाही. बरेलीच्या गाडीलाही आपण कोठे आहोत हे अचूक ठाऊक होते.

दुसरी गोष्ट म्हणजे रस्त्यांची माहिती. पुढे पूल आहे, तो शाबूत आहे, पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो, हे उपग्रह सांगत नाही. ते कोणीतरी माणसाने पाहून नोंदवावे लागते. पूल तुटल्याची खबर गावाला असते, बांधकाम खात्याच्या उपविभागाला असते, तेथून रोज दूध घेऊन जाणाऱ्याला असते. नकाशा करणाऱ्या कंपनीला ती पोहोचवणे हे कोणाचेच काम नसते. किंबहुना रामगंगेच्या पुलावर नकाशाआधी एक साधा अडथळा हवा होता. चार पिंपे आणि एक आडवा बांबू यांनी तीन जीव वाचले असते. पुढे बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला गेला, तो याच कारणासाठी. ज्या माहितीचा उपयोग सर्वांना होतो पण जी पुरवण्याचे मोल कोणालाच मिळत नाही, ती बाजारात आपोआप निर्माण होत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्ही शिकवतो. दीपस्तंभाचे उदाहरण त्यासाठी वर्षानुवर्षे वापरले जाते. यापुढे तुटक्या पुलाचे द्यावे लागेल.

या नकाशाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो प्राणघातक नसला तरी रोजचा आहे. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली दोन रस्त्यांचे उदाहरण दिले होते. एक रुंद पण लांबचा, दुसरा जवळचा पण अरुंद. प्रत्येक जण स्वतःपुरता विचार करून जवळच्या रस्त्याने निघतो, तो रस्ता तुंबतो, आणि शेवटी दोन्हींकडून सारखाच वेळ लागू लागतो. अरुंद रस्ता असून नसल्यासारखा होतो. ब्राएस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये याहूनही चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली. काही परिस्थितीत नवा रस्ता बांधल्याने सर्वांचाच प्रवास लांबतो. पूर्वी हा गोंधळ निदान अज्ञानामुळे मर्यादित असे, कारण गल्लीबोळांची माहिती फक्त त्या आळीतल्या माणसांना असे. आता ती प्रत्येकाच्या खिशात आली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील लिओनिया नावाच्या लहानशा गावातून न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या मोटारींचे लोंढे नकाशाच्या सांगण्यावरून घराघरांपुढून वाहू लागले, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये त्या गावाने गर्दीच्या वेळी सुमारे साठ रस्ते बाहेरच्यांना बंदच करून टाकले. पुण्यामुंबईतील ज्या गल्ल्यांत पूर्वी मुले क्रिकेट खेळत, तेथील रहिवाशांना या गावकऱ्यांची मनःस्थिती समजावून सांगावी लागणार नाही.

आता टायरकडे वळतो. आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्याने गेल्या दिवाळीत नवी गाडी घेतली. ती ताब्यात देताना विक्रेत्याच्या माणसाने तासभर पडदा कसा चालवायचा, बोलून छप्पर कसे उघडायचे, गाणी कशी लावायची हे समजावून दिले. टायरविषयी एक अक्षर नाही. गाडीबरोबर मिळालेली जाडजूड पुस्तिका प्लास्टिकच्या वेष्टनासह कप्प्यात गेली, ती अद्याप तेथेच आहे.

वास्तविक गाडीतील सर्व बुद्धिमान यंत्रणांचा शेवटचा शब्द टायरपाशी असतो. ब्रेक कितीही उत्तम असोत, गाडी थांबते ती चार तळहातांएवढ्या रबराच्या जमिनीवरील पकडीने. आणि भार पेलते ते रबर नव्हे, आतली हवा. हवा कमी असली की टायरची बगल प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने आतील थर सुटू लागतात. शहरात ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. हीच गाडी लग्नाचे सामान आणि पाच माणसे घेऊन उन्हाळ्यात समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने दोन तास धावली म्हणजे हिशेब चुकता होतो. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच्या पहिल्या वर्षातच टायर फुटून झालेल्या अपघातांची इतकी चर्चा झाली की परिवहन खात्याला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून ‘गोटा’ झालेल्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असली पाहिजे, असा नियम आहे. ती मोजायला उपकरण लागत नाही. नक्षीच्या खाचांत कारखान्यानेच ठेवलेले बारीक उंचवटे असतात. बाहेरचा पृष्ठभाग त्यांच्या पातळीला आला की टायरचे आयुष्य संपले. टायरच्या बगलेवर चार आकडेही कोरलेले असतात. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. जुनी गाडी घेणाऱ्याने रंगापेक्षा हे चार आकडे आधी वाचावेत.

नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याची सूचना देणारा दिवा असतो. त्याचा उगम एका मोठ्या दुर्घटनामालिकेत आहे. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यांची बाहेरची थरपट्टी धावत्या गाडीत सुटत होती आणि उलटलेल्या गाड्यांत दोनशेहून अधिक माणसे दगावली होती. त्यानंतर तेथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा सक्तीचा झाला. मात्र त्या नियमाप्रमाणे दिवा लागतो तो दाब एक चतुर्थांशाने उतरल्यावर. शिवाय काही गाड्यांत दाब प्रत्यक्ष मोजला जातच नाही. ज्या चाकाची हवा कमी, ते किंचित लहान होऊन किंचित जास्त वेगाने फिरते, एवढ्यावरून अनुमान काढले जाते. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर अशा यंत्रणेची फसगत होऊ शकते.

या प्रकरणाचे एक अंग मात्र मोटारीच्या जाणकारांपेक्षा कामगारचळवळीच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावे असे आहे. सदोष टायरांपैकी पुष्कळसे इलिनॉय राज्यातील डिकेटर येथील कारखान्याचे होते. तेथे १९९४ मध्ये कंपनीने कामगारांकडून सवलती मागितल्या, संप झाला आणि कंपनीने बदली कामगार आणले. अ‍ॅलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास या दोन अर्थशास्त्रज्ञांनी टायरांच्या उत्पादनकाळाची छाननी करून २००४ मध्ये दाखवून दिले की, बिघाडाचे प्रमाण विशेष वाढले ते दोन वेळी. एक, संपापूर्वी सवलतींची मागणी पुढे आली तेव्हा. आणि दुसरे, संपकरी परत येऊन बदली कामगारांच्या खांद्याला खांदा लावून काम करू लागले तेव्हा. अननुभवी हात हे त्याचे पुरते स्पष्टीकरण होऊ शकत नाही. कारखान्यातील कटुता रबराच्या थरांत उतरली होती. कामगाराला नमवले की खर्च वाचतो, असे मानणाऱ्या व्यवस्थापनांनी तो निबंध एकदा डोळ्यांखालून घालावा.

राहता राहिली चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा. समोरचे वाहन पाहून आपोआप वेग कमी करणे, धडक बसण्यापूर्वी स्वतः ब्रेक लावणे, रेघेबाहेर जाऊ लागल्यास चाक वळवून आत आणणे ही कामे आता कॅमेरा आणि रडार करतात. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून यांतील बहुतेक गोष्टी प्रत्येक नव्या मोटारीत अनिवार्य केल्या आहेत. आपल्याकडे ज्यांच्या गाडीत त्या आहेत, त्यांतील कित्येक जण पहिल्या आठवड्यातच त्या बंद करून ठेवतात, कारण रेघ रस्त्यावर उरलेली नसते आणि पुढच्या गाडीशी राखलेल्या अंतरात ताबडतोब एक रिक्षा व दोन स्कूटर शिरतात. यंत्र बिचारे पुनःपुन्हा मागे सरकत राहते.

याहून गंभीर प्रश्न माणसाच्या स्वभावाचा आहे. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये असा सिद्धान्त मांडला की, गाडी सुरक्षित केली की चालक तेवढाच अधिक धाडसी होतो आणि जोखीम गाडीतल्यांकडून पादचाऱ्यांकडे सरकते. हा सिद्धान्त त्यांनी ज्या टोकाला नेला तेथपर्यंत मी जाणार नाही. पट्ट्याने माणसे वाचतात, आणि घसरती गाडी सावरणाऱ्या यंत्रणेनेही वाचतात, यात शंका नाही. पण १९८० च्या दशकात म्युनिक येथे टॅक्सींवर झालेला प्रयोग विचार करायला लावणारा आहे. काही टॅक्सींना चाक अडकू न देणारे ब्रेक होते, काहींना नव्हते. बाकी सारे सारखे. अपघातांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उत्तम ब्रेकवाले अधिक जोरात वळत आणि पुढच्या गाडीच्या अधिक जवळून चालवत होते. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये स्वयंचलित कारखान्यांविषयी लिहिताना दाखवले होते की, यंत्र जितके अधिक काम स्वतःकडे घेते, तितका माणूस सरावाबाहेर जातो, आणि यंत्राला जमत नाही अशा सर्वांत अवघड क्षणी नेमका त्यालाच हाताशी धरले जाते. आज भारतात सर्वसामान्य ग्राहकाला विकत मिळणाऱ्या गाड्यांत कायद्याच्या दृष्टीने सारथी माणूसच आहे. जाहिरातीतला हात सोडून बसलेला गृहस्थ पाहून कोणी हे विसरू नये.

आणि हे साहाय्य मिळते कोणाला? आपल्या बाजारात ते बहुधा गाडीच्या सर्वांत महागड्या प्रकारात, उघडणारे छप्पर व चामड्याच्या बैठकी यांच्याबरोबर बांधून दिले जाते. स्वस्त प्रकारात कॅमेरा बसवणे अशक्य असते असे नाही. फ्रेंच अभियंता ड्युपुई याने १८४९ सालीच याचे मर्म ओळखले होते. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे ते छपराचा खर्च परवडत नव्हता म्हणून नव्हे; छप्पर दिले तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारेही तिसऱ्यातच बसतील, ही कंपनीची धास्ती होती. तेथे गरीब पावसात भिजत होता. येथे प्रश्न जिवाचा आहे, आणि तोही बहुधा गाडीबाहेरच्याच्या जिवाचा. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरचे सुमारे साडेचव्वेचाळीस टक्के आणि पायी चालणारे साडेएकोणीस टक्के. समोर आलेल्या माणसाला पाहून आपोआप लागणारा ब्रेक हा मोटारमालकापेक्षा त्या माणसाच्या उपयोगाचा आहे. त्याची किंमत देण्याची इच्छा मालकाला किती असावी, हे बाजारावर सोडले तर उत्तर काय येईल ते उघड आहे. २०१९ मध्ये ब्रेकविषयीचा व चालकाच्या हवापिशवीचा नियम सर्व प्रकारच्या मोटारींना सरसकट लागू झाला, तेव्हा गाड्या महागतील आणि विक्री बसेल अशी ओरड झाली होती. पादचाऱ्याला ओळखणाऱ्या ब्रेकच्या बाबतीत तोच मार्ग सरकारने टप्प्याटप्प्याने धरावा. त्याच्या जोडीला रस्त्यावर रेघा मारणे आणि तुटलेला पूल चोवीस तासांच्या आत बंद करून त्याची वर्दी जाहीर करणे, एवढे सार्वजनिक बांधकाम खात्याकडून मागण्यात कोणतेही प्रगत तंत्रज्ञान आड येत नाही.

सहकाऱ्याला मी गेल्या महिन्यात चालकाच्या दारामागच्या चौकटीवर चिकटवलेला लहानसा तक्ता दाखवला. रिकामी गाडी किती, भरलेली किती, पुढची चाके किती, मागची किती, सारे त्यावर छापलेले असते, आणि तो दाब चाके थंड असताना मोजायचा असतो. आम्ही सकाळीच पेट्रोल पंपावर गेलो. हवेची नळी हातात धरलेल्या मुलाने तक्त्याकडे पाहिले नाही, गाडीकडेही पाहिले नाही. ‘‘पस्तीस मारू ना साहेब?’’ त्याने विचारले. आमच्या पुढच्या टेम्पोवजा गाडीलाही त्याने पस्तीसच भरले होते. तक्त्यावर तेहतीस होते. ते भरून घ्यायला आम्हांला त्याच्याशी दोन मिनिटे वाद घालावा लागला.