व्हीपीएन जुळते, फाइल मात्र उघडत नाही!

दुकान एका शहरात, गोदाम दुसऱ्या शहरात आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर, अशी व्यवस्था अनेक लहान व्यावसायिकांकडे असते. ही ठिकाणे जोडण्याचे काम व्हीपीएन राऊटर करतो. इंटरनेटच्या सार्वजनिक रस्त्याखालून तो जणू खासगी बोगदा खणतो. हा बोगदा बंद पडला की बिले निघत नाहीत, माल गाडीत चढत नाही आणि सारा दोष राऊटरच्या माथी मारला जातो. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या डीएसएल जोडणीत मात्र खरा अडसर बरेचदा शेजारच्या मोडेममध्ये असतो.

हे मोडेम केवळ मोडेम नसतात. अनेक संगणकांना एकाच पत्त्यावरून इंटरनेट वाटून देण्याचे, म्हणजे ‘नॅट’चे कामही ते करतात. त्यामागे व्हीपीएन राऊटर लावला की एकाच दारावर दोन पहारेकरी उभे राहतात. बाहेरून आलेली व्हीपीएनची हाक पहिल्याच पहारेकऱ्यापाशी अडते.

हे ओळखणे अवघड नाही. राऊटरच्या माहितीपानावर ‘वॅन’चा पत्ता पाहावा. तो १९२.१६८ किंवा १० या आकड्याने सुरू होत असेल, तर नॅट दोनदा होत असण्याची शक्यता दाट. अशा वेळी मोडेम ‘ब्रिज’ पद्धतीवर टाकून जोडणीचे यूजरनेम व पासवर्ड राऊटरमध्ये भरणे हा सर्वांत स्वच्छ उपाय होय. तत्पूर्वी मोडेममधील जुनी मांडणी, विशेषतः व्हीपीआय व व्हीसीआय हे दोन आकडे, कागदावर उतरवून घ्यावेत. ब्रिज शक्य नसेल, तर आयपीसेक व्हीपीएनसाठी यूडीपीचे ५०० व ४५०० क्रमांकाचे पोर्ट मोडेममधून राऊटरकडे वळवावे लागतात. ब्रिजनंतरही पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला दिसला, तर नॅट सेवा देणाऱ्या कंपनीकडेच होत आहे, असे समजावे. तेथे स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घेणेच बरे.

सर्वांत फसवा बिघाड वेगळाच. व्हीपीएन ‘जोडले गेले’ असे दिसते, पिंगला उत्तर येते, पण मोठी फाइल उघडताना सारे गोठते. याचे मूळ पाकिटाच्या आकारात असते. इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. डीएसएलवर सर्रास वापरली जाणारी पीपीपीओई पद्धत त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेते, उरतात १४९२. व्हीपीएनचे वेष्टन आणखी जागा खाते. पाकीट मोठे झाल्याची सूचना देणारा संदेश वाटेतील एखाद्या फायरवॉलने अडवला, तर पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही आणि तो तेच पाकीट पुन:पुन्हा पाठवत राहतो. लहान पाकिटे मात्र सुखरूप पोहोचतात, म्हणून पिंग चालते. बोगद्याची पाकीटमर्यादा, म्हणजे एमटीयू, १४०० किंवा त्याहून थोडी कमी ठेवून पाहावी. अनेकदा तेवढ्यानेच काम भागते.

दोन्ही कार्यालयांतील अंतर्गत पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होत असतील, तरीही फाइल सापडणार नाही; समोरचा सर्व्हर आपल्याच खोलीत आहे, असा संगणकाचा समज होतो. एका बाजूचे पत्ते बदलावेत. आणि टेलिफोनची घंटा वाजताच जोडणी तुटत असेल, तर फोनला फिल्टर किंवा स्प्लिटर लावला आहे का, ते आधी पाहावे. तेथे राऊटरची मांडणी बदलून काहीही साधत नाही.

घाईत केला जाणारा एक उपाय मात्र महागात पडतो. बिले थांबलेली असताना सर्व्हरच मोडेमच्या ‘डीएमझेड’मध्ये टाकला जातो. काम लगेच सुरू होते, पण हिशेबाची सारी दप्तरे थेट इंटरनेटसमोर उघडी पडतात. जुन्या पीपीटीपी व्हीपीएनकडे वळणेही तितकेच धोक्याचे. त्याच्या पासवर्ड-पडताळणीचे कवच २०१२ मध्येच भेदले गेले आहे.

तांब्याची तार जाऊन फायबर आले, तरी कंपनीचे नवे यंत्र नॅट करते का आणि पीपीपीओई वापरते का, हे दोन प्रश्न विचारावेच लागतात.